नर कुठला

पांढरी-पिवळी जोडी, गालावर शेंदरी टिकली.
शिरोड्याच्या मुनाफने बोट दाखवून सांगितलं,
"ह्यो नर, ही मादी. डोळे झाकून घेऊन जावा."
आम्ही डोळे झाकूनच आणली.
कॉकाटील म्हणताना शेवंतीची जीभ अडखळे,
म्हणून एक टिळा झाला, एक टिळी.

मी तेवीस वर्षं काजूच्या कारखान्यात गर निवडते.
अख्खा, पाकळी, तुकडा, डागी,
बोटांना न बघता कळतं.
हे उगाच सांगते आहे असं नाही.

आंब्याच्या खोक्याच्या फळ्या ठोकून पेटी केली,
भोक वाटीच्या तोंडाएवढं,
आत मेस्त्रीकडचा फणसाचा भुसा, दोन बोटं.
मुनाफ सांगत गेला, मी राळ्याच्या पुडीवर लिहीत गेले:
मोड आलेले मूग. उकडलेलं अंडं, कवचासकट.
दाण्याला वास आला की फेकायचा,
आपल्या हवेत तीन दिवसांत बुरशी धरते.
अंडं एकाआड एक दिवस.
दिवसा नर बसतो, रात्री मादी.

हे शेवटचं शेवंतीला फार आवडलं.
"बघ गो, पाळी लावून!"
आमच्याकडे दोघा भावांनी पाळी लावून घर सोडलं,
आधी तिच्या नवऱ्याने, मग माझ्या.

समुद्रफेस विकत घ्यायची गरज नाही.
माकलाचं हाड वाळूवर पडलेलं असतं.
मांडवीवरून रिकामी पाटी घेऊन येताना
शेवंती ते वेचते, गोड्या पाण्यात भिजत घालते,
पाणी चाखून बघते खारट आहे का,
मग उन्हात, मग तारेने जाळीला.
चुना कमी पडला तर अंडं आत अडकतं,
मादी एका रात्रीत जाते.
हे मुनाफने हळू आवाजात सांगितलं होतं,
शेजारची माणसं ऐकतील तसं.

पहिलं अंडं मंगळवारी सकाळी.
दुसरं मंगळवारीच, दिवेलागणीला.
आम्हाला वाटलं, टिळी हुशार.
दहा दिवसांत नऊ.
आणि दोघं पेटीत, दिवसा दोघं, रात्री दोघं,
एकमेकांना ढकलत, कोणी पाळी मानेना.

एका रात्री वीज गेली तेव्हा मोबाईलचा दिवा
पहिल्या अंड्याच्या बुडाला लावला.
शिरा दिसायला हव्या होत्या,
लाल, बारीक, पाण्यात सोडलेल्या जाळ्यासारख्या.
पेजेच्या वरच्या निवळीसारखं दिसलं. दुसरंही.
नऊच्या नऊ.

मग शेपटीखाली उजेड धरला.
पिवळ्यावर पिवळे पट्टे, अगदी फिके.
टिळीला होते.
टिळ्यालाही.

शेवंती इतकी हसली
की वायंगणकरांच्या सुनेने खिडकीतून बॅटरी मारली.
"तेवीस वर्षं गर निवडतेस ना?" म्हणाली,
आणि परत हसायला लागली,
आणि मध्येच थांबली.

अंडी काढायची नसतात.
काढली तर पुन्हा घालतात, पुन्हा,
अंगातला चुना संपेपर्यंत.
बसू द्यायचं.
म्हणून आम्ही रोज पाणी बदललं, मूग भिजवले,
आतलं ठाऊक असून दारावरून पावलं न वाजवता गेलो.
बावीस दिवस. पंचविसाव्या दिवशी
त्या दोघी बाहेर येऊन दांडीवर बसल्या,
एकीने दुसरीच्या मानेतली पिसं विंचरली.

रविवारी मुनाफ आला, चपलांच्या खोक्याला भोकं पाडून.
"चूक माझी. हेच्यात खरो नर आसा. एक द्या, ह्यो घ्या."
खोक्यातून शीळ आली, लांब, वळण घेणारी.
असली शीळ आमच्या घरात कधी वाजली नव्हती.
मी पिंजऱ्याकडे बघितलं. शेवंतीनेही.
"कुठली देवया?" तिने विचारलं.

मुनाफ पेज जेवला, सुक्या बांगड्याशी,
हात धुतला, खोकं काखेत घेतलं.
शीळ बाजारापर्यंत ऐकू येत होती.

पेटी धुवून उन्हात ठेवली आहे.
फळ्या अजून सुट्या केलेल्या नाहीत.