अर्थिंग

पाच हजार दोनशेला घेतला,
खारेगावच्या डॅरिल नावाच्या मुलाकडून.
त्याला जहाजावर नोकरी लागली होती.
बाकी सामान बांधून झालेलं, हाच एक भिंतीला टेकून उभा,
लग्नघरात कुणी चहा न विचारलेल्या पाहुण्यासारखा.
"अंकल, मुलासाठी?"
मी हो म्हणालो.
मला मूल नाही.

तारा चारच.
गिटारला सहा असतात एवढं ठाऊक होतं,
म्हणून वाटलं दोन तुटल्या असतील;
दोनशे कमी करून मागितले.
तो हसला नाही. चांगला मुलगा.

रिक्षातून आणताना मान बाहेर राहिली.
विटाव्याच्या पुलाखाली एक बाइकवाला ओरडला,
"काका, मान आत घ्या!"
कुणाची ते कळेना.
दोघांनीही घेतली.

मुलगा बेस म्हणाला होता.
शलाकाने पिशवीवरची इंग्रजी अक्षरं लावून वाचली: बास.
"एक्कावन्नाव्या वर्षी माणूस बास म्हणतो.
तुम्ही बास घेऊन आलात."
मग पदराला हात पुसत खुर्चीत बसली,
"वाजवा बघू एखादं गाणं."

हीच तर पंचाईत.
ह्याच्यावर गाणं वाजत नाही,
गाण्याच्या खाली जे असतं ते वाजतं.
"मग वर कोण?"
वर चौथ्या मजल्यावर म्हात्रे.
हे मी मनात म्हणालो.

अँप्लिफायरला पैसे उरले नव्हते.
दोन महिने लाकडाचं टोक लोखंडी कपाटाला टेकवून वाजवलं.
कपाट घुमतं.
हँगर, चांदीची वाटी, सासूबाईंचा करंडा,
लॉकरमधली विम्याची कागदं,
सगळी बारीक थरथरतात.
सातव्या पट्टीच्या पुढे तार झणझणते.
शलाका लहानपणी पेटी शिकलेली;
ती म्हणते, ही जवारी नव्हे, हा दोष.
मी जवारी म्हणून चालवून घेतो.

ऐरोलीच्या सबस्टेशनमध्ये एकवीस वर्षं रात्रपाळी.
ट्रान्सफॉर्मरच्या त्या एका सुरात मी डबा खाल्लाय,
वडील गेल्याचा फोन घेतलाय.
परवा जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवर बोट दाबलं
आणि तोच सूर घरात आला.
तोच, पण केसभर उतरलेला.
तिथे पन्नास, इथे एकोणपन्नास.
ग्रिड एकोणपन्नासवर आली
की आमचे सगळे फोन एकदम खणखणतात,
गावंच्या गावं अंधारात ढकलावी लागतात.
इथे नुसता करंडा वाजला.

डॅरिलचा मेसेज आला, कुठल्याशा बंदरावरून.
मुलगा सराव करतो का?
लिहिलं, रोज करतो. ताल कच्चा आहे.
त्याने अंगठा पाठवला.

काल भोईरने मंडळाचा जुना अँप आणून दिला,
गुलालाने जाळी अजून लाल.
वायर जोडली, बटण दाबलं,
आणि खोलीभर घरघर.
अनोळखी नव्हती. कुठेतरी अर्थिंग कमी,
हे मी झोपेतही सांगेन.
टेस्टर शोधायला उठता उठता
हात चुकून तारांवर पडला.

घरघर थांबली.

हात काढला. सुरू.
ठेवला. गप्प.
पुन्हा एकदा करून पाहिलं, मग आणखी एकदा.
एकवीस वर्षं खांबाखांबाला कवटी टांगत आलो,
पोराटोरांना, पतंगवाल्यांना, नव्या हेल्परना
घसा बसेपर्यंत सांगत आलो:
तारेला हात लावू नका.

चारी तारांवर तळवा पसरून बसून राहिलो.
डाव्या बोटांची टोकं हुळहुळत होती.
कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"बंद केलंत का?" शलाकाने आतून विचारलं.

नाही, म्हटलं.
हात ठेवलाय.