एकशे वीस काप

पहाटे तीनला भट्टी पेटवून आलेली ग्रीट
बोगद्यात डाव्या कुशीवर निजली आहे.
अंगठी, कानातले, पिना, सगळं काढून ठेवलंय,
केसांत थोडं पीठ राहिलंय.
पिठाला चुंबक ओढत नाही.

श्वास घ्या. धरा. सोडा.
रिकाम्या टाकीवर हातोडा पडावा
तसं यंत्र ठोकत राहतं.
आतल्याला वाटत असेल
घेंटमध्ये पुन्हा कुठेतरी रस्ता खणायला घेतलाय.

तो काही श्वास धरत नाही.
फॉर्मवर सही ग्रीटची, त्याची नव्हे.
तेविसाव्या कापाला त्याने कूस बदलली,
चाळिसाव्याला जांभई दिली,
पंचावन्न ते एकसष्ट नुसतं धुकं.

"माझंच काही चुकलं का?"
नाही, म्हटलं, चोवीस आठवड्यांचे सगळे असेच.
ती पडद्याकडे बघत राहिली.
"आमच्याकडे पाव कापायचं यंत्र आहे.
पाव हलला की काप तिरके येतात.
ते विकत नाही. घरी नेतो."
जाताना टेबलावर कागदी पिशवी ठेवून गेली.

रात्री मी काप जुळवत बसतो.
हा अर्धा अंश डावीकडे,
हा दोन मिलिमीटर वर,
होता होता एक मेंदू उभा राहतो,
सोललेल्या बदामासारखा गुळगुळीत.
कडेला एवढासा खळगा.
कोऱ्या कापडाची आपण घडी मोडतो,
इथे घडी अजून पडायची आहे.

मधल्या पाण्याची रुंदी मोजतो.
नऊ पूर्णांक आठ.
पुन्हा: दहा पूर्णांक एक.
डोळे चोळून पुन्हा: नऊ पूर्णांक नऊ.
दहाच्या आत सगळं ठीक, अशी रेघ आहे.
ती माणसांनी ओढली,
पाण्याला कुणी कळवलेलं नाही.

फाइलवर लिहिलंय: निरोगी गट, क्रमांक एक्केचाळीस.
तिला काही सांगायची मला मुभा नाही.
डॉक्टर डी वाख्टरना पत्र लिहितो,
'चिंता' लिहून खोडतो,
'एकदा पाहून घ्यावे' लिहितो,
तेही खोडतो, मग पुन्हा तेच लिहितो.

पिशवीत तिरक्या कापांचा पाव.
उभ्याउभ्या दोन खाल्ले.
धुक्याचे सात काप टाकून द्यायचे असतात,
अजून टाकले नाहीत.

तीन वाजले.
आता तिने भट्टी पेटवली असेल
आणि उबेने तो जागा झाला असेल.