सव्विसावी ओळ

तार्तूत उणे एकोणीस. नदी थिजलेली.
उर्मासने पाठवलेले नियम तपासतेय,
वेळ राखणाऱ्या सेवेला काय मुभा, काय मनाई,
एकेचाळीस ओळी.

स्वतःची फाइल वाचू दे. वाचू दे.
एकशेतेवीस अधिक तीन, त्या पोर्टवर बोलू दे. बोलू दे.
घड्याळ पुढंमागं करू दे.
इथं बोट अडखळतं,
पण मग त्याला ठेवलाय कशाला?

सव्विसावी:
वापरकर्त्यांची घरं वाचू दे.
का रे?
'लॉगमध्ये एकदा नकार दिसला,' उर्मास म्हणतो, 'म्हणून.'
म्हणजे कुणी कडी वाजवली
की आपण दारच बिजागरीतून काढायचं!

आजोबा तापा स्टेशनात घड्याळाला चावी द्यायचे.
चावी त्यांच्या हातात, काटे मॉस्कोचे.
गाड्या, शाळा, पावाची दुकानं,
सगळा देश तासभर पुढं ढकललेला.
आमच्या कपाटात मात्र, लोकरीच्या मोज्यात,
एक खिशातलं घड्याळ जुन्याच वेळेवर चालायचं.
आजी रोज रात्री ते कानाला लावायची.
कुणी कपाट उघडलं नाही
म्हणून चाललं.

हे उर्मासला सांगत नाही.
शेरा एवढाच: गरज दिसत नाही. काढा.

'बरं,' चार वाजून बारा मिनिटं.
खिडकीत केव्हाच काळोख.
आणि लगेच:
'पण एकतिसावी राहू दे ना, ती खरंच लागते.'

चहा गार झालाय.
एकतिसावी पुन्हा वाचायला घेते.