येणे बाकी

मी तिचा हिशेबनीस होतो, बावीस वर्षं.
हे आधीच सांगतो, कारण गावात आता
तिच्याबद्दल बोलणारे सगळे भक्त उरलेत
आणि भक्तांना आकडे पाठ नसतात.

सिस्टर कुनिगुंडा. खाणकामगाराची मुलगी,
हात बापाचे: रुंद, नखं मुळापर्यंत कापलेली.
सतराव्या वर्षी मठात आली तेव्हा
वाट्याला आली कपडे धुण्याची खोली,
वाफ, सोडा, आणि रक्ताचे डाग ओळखायची विद्या.
हा बाळंतपणाचा, हा ऑपरेशनचा, हा मारहाणीचा,
असं ती संचालकांच्या बैठकीतही सांगायची
कोणी चादरींच्या खर्चाला कात्री लावायला निघालं की.

मग नर्स. मग रात्रपाळीची प्रमुख.
मग मदर सुपीरियरचं पत्र, दोन ओळींचं:
सोमवारपासून हॉस्पिटल तू चालवायचंस.
ती म्हणे, "शिवणयंत्र घेतलं तरी
याहून मोठा कागद येतो सोबत."

उत्तर मिनेसोटातला जानेवारी म्हणजे
थुंकी जमिनीवर पोचेपर्यंत खडा होते.
पहाटेच्या प्रार्थनेत ती गुडघ्यांवर,
डोळे मिटलेले, कान तळघरातल्या बॉयलरकडे.
एकदा स्तोत्र अर्ध्यावर टाकून उठली.
खाली उर्हो गाढ झोपलेला, काटा लाल पट्टीत.
तिने त्याला हाक मारली नाही. आधी झडप फिरवली.
मग हाक मारली.
ती हाक मला वरच्या मजल्यावर ऐकू आली.

संपाच्या वर्षी खाणीचा पगार सात महिने बंद.
बिलापोटी बटाटे आले, हरणाची मांडी आली,
एकाने अ‍ॅकॉर्डियन आणून माझ्या टेबलावर ठेवलं.
मी विचारलं, हे कोणत्या खात्यावर चढवू?
"येणे बाकी," ती म्हणाली. "आणि ते परत दे त्याला.
शनिवारी लोक कशावर नाचतील?"

तीच ही बाई,
जिने प्रसूती विभाग बंद केला.
आकडे मीच दिले होते: वर्षाला एकतीस बाळंतपणं,
भूलतज्ज्ञ मिळेना, विम्याचा हप्ता तिप्पट.
चर्चच्या तळघरात गाव जमलं.
एक बाई उठली, सहावा महिना,
म्हणाली, "तुला काय कळणार, सिस्टर?"
एकही खुर्ची करकरली नाही.
कुनिगुंडा म्हणाली, "बरोबर आहे. मला नाही कळणार."
आणि ठराव वाचू लागली, पहिल्या कलमापासून.

ती उठलेली बाई माझी बायको.

आमची इरेना फेब्रुवारीत जन्मली,
बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे मागे जाताना,
एक्केचाळिसाव्या मैलाच्या पाटीपाशी, मागच्या सीटवर.
दोघी वाचल्या.
त्यानंतर वसंत येईपर्यंत
मी कुनिगुंडाशी फक्त आकड्यांत बोललो.
तिनेही कधी विषय काढला नाही.

पुढे कधीतरी स्टेपलर शोधताना
तिच्या खणात एक निळी वही सापडली.
विभाग बंद झाल्यानंतरची प्रत्येक वाट त्यात:
तारीख, रस्ता, थंडी किती, आईचं नाव, बाळाचं वजन.
पाचव्या ओळीत आम्ही.
नवव्या ओळीत वजनाचा रकाना कोरा,
नाव पेन्सिलीने, खोडून पुन्हा लिहिलेलं.
आणि पानाच्या माथ्यावर, लाँड्रीच्या याद्या करायची
त्याच जाड अक्षरात, एकच शब्द:
देणे.
मी खण लावला. स्टेपलर बाजारातून आणला.

कंपनीने हॉस्पिटल घेतलं तेव्हा
सगळी खाती मीच मिटवली. ताळेबंद जुळला, सही केली.
निळी वही कोणी मागितली नाही.

मठाच्या आजारी खोलीत भेटायला गेलो,
नव्वदी उलटलेली. मला ओळखलं नाही.
पांघरूण हनुवटीपर्यंत, हात मात्र बाहेर.
बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली,
मग विचारलं, "रस्ता मोकळा आहे ना?"
जुलै होता.
मी म्हटलं, आहे.