शेरा

तक्त्यात सहा रकाने:
क्रमांक, नाव, बुंध्याचा घेर, अंदाजे उंची, प्रकृती,
आणि शेवटी, करंगळीएवढा, शेरा.
वैशाखात झाडं मोजली तेव्हा
शेऱ्यात मी लिहीत गेले
‘तार टेकते’, ‘खिळे’, ‘बोर्ड: शिकवणीचा’,
आणि नावच सुचलं नाही तिथं सरळ ‘अनोळखी’.
एकोणचाळीस अनोळखी निघाले.
साहेब म्हणाले, दिवाळीच्या आत त्यांना नावं पाहिजेत.

तर आता आश्विन.
दुपारी टेप हाताला चटका देते
आणि सहा वाजता कुणी बटण दाबल्यासारखा गारवा.
वैशाखात गप्प बसलेली झाडं
आपापला पुरावा खाली टाकायला लागलीत.

सातवीण नाकानंच सापडली.
ताराबाई पार्कात, फाटकाशी उभ्या बाई म्हणाल्या,
रात्रभर डोकं उठतं हो, तोडायला कुणाला सांगायचं?
मी पानं मोजली. सात.
दुसऱ्या फांदीला सहा.
तिसरीला पुन्हा सात.
बहुमतानं सातवीण.
शेरा: ‘वासाबद्दल तक्रार.’
मला आवडतो तो वास. त्याला रकाना नाही.

दसरा चौकाअलीकडचा कांचन
सोनं लुटल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहिला:
हात पोचेल तिथवर ओरबाडलेला,
आपटा समजून घरोघर वाटलेला.
हात पोचत नाही तिथून वर मात्र
जांभळट गुलाबी फुलं, निवांत,
खाली काय झालं त्यांना पत्ताच नसल्यासारखी.
शेरा: ‘आपटा नव्हे.’
खाली दोन रेघा ओढल्या.
पुढच्या दसऱ्याला तक्ता कोण वाचणार आहे?

सीपीआरच्या भिंतीशी एक पोरगा
शेंदरी फुलांच्या झाडाखालच्या कळ्या दाबून
पाणी उडवत होता पायरीवर.
आईचा रिपोर्ट यायचा होता.
झाडाचं नाव काय रे?
पिचकारी, म्हणाला, माझ्याकडं न बघता.
मी तेच लिहिलं.

राहिला क्रमांक तीनशे बारा.
दस्तगीर मुल्लांच्या पंक्चरच्या दुकानालगत,
सरळसोट, विजेच्या खांबाहून उंच,
साल भेगाळलेली आणि नख रुतेल इतकी मऊ.
उन्हाळ्यात दोनदा जाऊन आले होते.
चाचा टायर उलटवत म्हणाले होते,
"नाव कशाला पायजे? हाय की हितं."
नाव: अनोळखी. प्रकृती: बरी.

आज सकाळी सातला गेले
तर दुकानापुढं पाय ठेवायला जागा नाही.
लांब नळीची पांढरी फुलं
टायरांच्या पोकळीत, जॅकच्या दांड्यावर,
आणि ज्या घमेल्यात ट्यूब बुडवून चाचा बुडबुडा शोधतात
त्यातल्या काळ्या पाण्यावर तरंगणारी.
गिरणीवाल्या हौसाक्का उकिडव्या बसून
वेणी घालत होत्या, दोऱ्याशिवाय,
देठात देठ अडकवत.
"बूच न्हवं का हे? शिकलेली दिसतीस की गं.
मी लगीन होऊन आलो, तवा हे माझ्या खांद्याला हुतं."

आलो.
घरी मीही आलो-गेलोच म्हणते,
तक्ता हातात घेतला की आले.

"मग उन्हाळ्यात का सांगितलं नाहीत?"
"तू चाचाला इचारलीस. मी गिरणीत हुतो.
आन् तू सारखी वरच बघत हुतीस."

खोडरबरानं ‘अनोळखी’ घासलं,
कागद पातळ होईस्तोवर. तिथं ‘बूच’ लिहिलं.
घेर पुन्हा मोजला: दीड सेंटिमीटर जास्त.
झाड वाढलं, की टेप ढिली पडली,
कोण जाणे. जास्तीचा आकडा ठेवला.
शेऱ्यात काय लिहावं ते सुचेना,
म्हणून रकान्यावर एक फूल ठेवून फाइल मिटली.

ऑफिसात उघडली तर फुलाचा नुसता
तपकिरी, ओलसर डाग, बाजूच्या ‘प्रकृती’पर्यंत पसरलेला.
साहेब म्हणाले, हे काय? नवा तक्ता घ्या, परत भरा.

भरते आहे.
हाताला अजून वास आहे.
एकवीस झाडं उरलीत.