सोमवारी येणाऱ्या बाईंसाठी

किल्ली दाराच्या चौकटीवर आहे, हात वर करून चाचपा.
वारा सुटला की दार खांद्यानं लोटावं लागतं.
फेरीबोट बंद असेल त्या दिवशी
पलीकडच्या बेटावरची तीन मुलं येणार नाहीत.
हजेरीत त्यांच्यापुढे 'गैरहजर' लिहू नका,
'समुद्र' लिहा. इथे सगळ्यांना कळतं.

मुलं एकूण अकरा.
भिंतीवर शेटलंडचा नकाशा आहे, त्यात आपलं बेट सापडत नसेल
तर मिशा असलेली माशी शोधा;
मॅग्नी हॅलक्रोनं ती नेमकी आपल्यावर काढून ठेवली आहे.

थंडीत, दुपारी तीनला अंधार पडायला लागला
की मी ऑस्लाची गोष्ट सांगते.
दीपगृहाचा रखवालदार तापानं फणफणलेला,
आणि बारा वर्षांची ऑस्ला
धुक्यातून एकटी होडी वल्हवत जाते,
डॉक्टरला घेऊन येते.
एवढीच गोष्ट. निम्मी आईकडून ऐकलेली, निम्मी माझ्या पदरची.

मग म्हणते, आता तुम्ही ऑस्ला.
त्या रात्रीची रोजनिशी लिहा.

पहिल्या खेपेला सगळे एकच लिहितात:
"प्रिय डायरी, मी फार शूर आहे.
उद्या मी डॉक्टरांना घेऊन पोचेन
आणि सगळे टाळ्या वाजवतील."

रागावू नका. एवढंच विचारा,
ऑस्लाला उद्याचं कुणी सांगितलं?

मग खोडरबर फिरायला लागतात.
बाकांवर काळा चुरा साचतो.
रोजनिशी लिहिणाऱ्याकडे आजचाच दिवस असतो,
तोही बराचसा ओला.
हे मी फळ्यावर लिहीत नाही, त्यांचं त्यांनाच सापडतं:

"डाव्या तळहाताला दोन फोड आलेत."
"पाव घेतला. लोणी विसरले."
"मला शू लागली आहे आणि होडी थांबवता येत नाही."

हसतील. हसू द्या.
शूर माणसालाही लागतेच.

खिडकीपाशी ब्रेना मोअट बसते.
गेल्या फेब्रुवारीत अर्धा तास तिची वही कोरी होती.
मला वाटलं, हिचं पोट दुखतंय,
किंवा काल घरी काही झालंय.
जवळ गेले तर मान वर न करता म्हणाली,
"बाई, होडी कुणाची होती?"

एकतीस वर्षं सांगतेय मी ही गोष्ट.
होडी होती, एवढंच मला ठाऊक.
जशी काही ती किनाऱ्यावर आपोआप उगवली होती,
शेवाळासारखी.

मग तिनं लिहिलं. अक्षर डावीकडे कललेलं, रेघेखाली उतरलेलं:

"मंगळवार. माझी होडी चोरीला गेली.
दोरी कापलेली नाही, सोडली आहे.
म्हणजे चोराला माझी गाठ सोडता येते.
उद्या मेंढ्या न्यायच्या होत्या.
या वयात नवी होडी होत नाही.
गावातल्या सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या, देवालाही एक दिली.
रात्री धुकं वाढलं.
खिडकीत कंदील ठेवला आहे.
चोरासाठी नाही. होडीसाठी."

माझ्या हातात लाल पेन होतं.
कंदिलाचं स्पेलिंग चुकलेलं.
मी टोपण लावलं.

तेव्हापासून गोष्ट तशीच सांगते,
फक्त ऑस्ला दोरी सोडते तिथे जरा अडखळते.
परतताना तिला तो उजेड दिसला असेल का?
मॅग्नी म्हणतो, हो, त्याच रोखानं तर ती आली.
जुळ्या बहिणी म्हणतात, धुक्यात बोटभर दिसत नाही, काहीतरीच.
यावर दरवर्षी भांडण होतं. सोडवायला जाऊ नका.

ब्रेनाची वही खालच्या कप्प्यात आहे.
पुढच्या पानावर तिनं 'बुधवार' लिहिलंय
आणि थांबली आहे. वर्ष होत आलं.
घाई करू नका.

हीटरला खालून एक लाथ घाला,
मगच तापतो.