तारण

पतसंस्थेच्या अर्जात एक रकाना असतो: तारण.
सव्वीस वर्षं मी तो भरून घेतला,
इतवारीत, एका कापड दुकानाच्या माडीवर.
सोन्याचा गोफ. शिलाई मशीन. सातबारा.
एकदा एकाने म्हैस लिहिली होती,
आम्ही ती खोडून 'जामीनदार दोन' केलं.

माझं स्वतःचं तारण मी फार आधीच रचून ठेवलेलं:
दोन पॉलिस्या, एक आवर्ती ठेव,
आणि बेसा रोडला पंधराशे फुटांचा तुकडा,
ज्यावर बाभळी, दुसऱ्याच्या शेळ्या
आणि माझ्या नावाचा सिमेंटचा खांब.
दर रविवारी स्कूटरवर जाऊन
मी त्या खांबाला हात लावून यायचो.
देवळात शनिवारी.
तिथं नुसता लांबून नमस्कार.

कोणी जामीन राहा म्हणालं की माझं वाक्य तयार असे,
"कर्मचाऱ्याला परवानगी नाही जी, नियम आहे."
असा नियम नव्हता.
मीच बनवला होता, आणि इतका वापरला
की मलाही तो छापील वाटायला लागला.

त्या मे महिन्यात डोमाजी पराते आला.
आधी स्वतःचा हातमाग, मग दुसऱ्याच्या पॉवरलूमवर मजुरी.
मुलीचा नर्सिंगला नंबर लागलेला, फी परवापर्यंत.
जामीनदार एक मिळाला होता, साळा.
दुसरा नव्हता.
"तारण?" मी विचारलं, पेन उघडून.
"तारणारा हाये जी," तो म्हणाला, "तारण नाही."
पत्ता सांगावा तसं म्हणाला.
मी हसलो.
तारणाऱ्याची सही कुठं घेणार?

तीन तास तो बाकावर बसून राहिला.
मध्येच कूलरचा पंप कोरडा वाजू लागला,
वाळ्याचा वास करपल्यासारखा झाला.
आम्ही पाचजण आत, कोणी मान वर केली नाही.
तो उठला, कोपऱ्यातली बादली उचलली,
टाकीत पाणी ओतलं, हात धोतराला पुसले,
परत जागेवर.

मी सही केली.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

घरी कुमुद म्हणाली, "अन् तो बुडाला तर?"
"तर आपण."
तिने ताट वाढलं, भाजी विसरली,
की विसरली नव्हती, कोण जाणे.

रात्री गच्चीवर पाणी शिंपडून अंथरूण टाकलं.
फरशी पाठीला तव्यासारखी.
सगळं मोजून झालं, पॉलिस्या, व्याज, हप्ते,
पहिल्यापासून पुन्हा मोजलं,
आणि मग मोजायला काही उरलं नाही.
तेव्हा वर बघून एवढंच म्हटलं: तू आहेस ना.
प्रश्नचिन्ह लावलं नाही.
लावायचा धीर नव्हता.
झोप लागली. याला मी चमत्कार म्हणत नाही,
पहाटे चारला मे महिन्यातही
नागपुरात वारा थोडा निवतो.

अकरा हप्ते डोमाजीने भरले.
मग लूम बंद पडलं, मग त्याचे गुडघे.
उरलेले सतरा माझ्या पगारातून गेले.
दर महिन्याच्या सातला मला देवाचा राग यायचा,
अगदी ठरल्या तारखेला, हप्त्यासारखा.
तोही त्याने घेतला.
पावती दिली नाही.

मुलगी नर्स झाली म्हणतात, रायपूरला.
मला ती कधी भेटली नाही,
आणि भेटावी असा हिशेब मी ठेवलेला नाही.
(हे खोटं. कधीकधी ठेवतो.)

प्लॉट अजून आहे.
शेळ्याही असतील.
रविवारी तिकडे जाणं कधी सुटलं, आठवत नाही,
कुमुदने विचारलं तेव्हा कळलं.
खांब पडला असेल तर पडला असेल.

आता निवृत्त. दुपारी डोळा लागतो.
झोपेतही पंप कोरडा वाजलेला ऐकू येतो,
आणि कोणी उठायच्या आत
मी बादली शोधत असतो.